कर्म, सुख आणि मॅसॅच्युसेट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टनपासून पश्चिमेला तासाभरावर आम्ही सात-आठ मराठी बौद्ध घरं महिन्यातल्या एका रविवारी जमतो. त्रिशरण-पंचशील होतं, एखादं सुत्त, म्हणजे बुद्धाचं प्रवचन, वाचलं जातं आणि मग पोह्यांवर गप्पा रंगतात. हळूहळू या बैठकीला इथले शेजारी, ऑफिसातले सहकारी, कुणाची अमेरिकन सून असेही लोक येऊ लागले. त्यांचे प्रश्न आणि नागपूर-औरंगाबादहून नातेवाईक फोनवर विचारतात ते प्रश्न, दोन्ही शेवटी एकाच जागी येऊन अडतात. म्हणून हे पान. मी भंते नाही, पालीचा पंडितही नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. चुकलो तर कान धरावा.

इथले लोक ‘कर्मा’ म्हणतात तेच आपलं कर्म का?

नाही. आणि गंमत म्हणजे आपण मराठीत ज्याला कर्म म्हणतो, तेही बहुतेक वेळा बुद्धाचं कर्म नसतं.

अमेरिकन माणसाचा ‘कर्मा’ म्हणजे आकाशातला वाहतूक पोलीस. हायवेवर एकानं कट मारला आणि पुढच्या वळणावर त्याला दंडाची पावती मिळाली, की मागचा ड्रायव्हर आनंदानं म्हणतो, ‘कर्मा!’ रेडिटवर तर लोकांनी तुमच्या लिखाणाला दिलेल्या गुणांनाच कर्मा म्हणतात. आपल्याकडे दूध उतू गेलं की बाई कपाळावर हात मारून म्हणते, ‘कर्म माझं!’ म्हणजे नशीब. एकीकडे हिशेब, दुसरीकडे प्राक्तन. दोन्हीकडे कर्म म्हणजे आपल्यावर येऊन आदळणारी गोष्ट.

पण आपल्याच भाषेत ‘दैव देतं अन् कर्म नेतं’ अशीही म्हण आहे. तिथे कर्म दैवाच्या समोर उभं केलंय. दैवानं दिलेलं माणूस आपल्या करणीनं घालवतो. बुद्धाच्या अर्थाच्या जवळ जायचं तर ही म्हण पकडा आणि कपाळावरचा हात खाली घ्या.

मग बुद्धानं नेमकं काय सांगितलं?

‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि.’ भिक्खूंनो, चेतनेला मी कर्म म्हणतो. चेतना म्हणजे इथे हेतू, मनानं घेतलेली दिशा. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहातलं हे वाक्य त्या काळात धक्कादायक होतं, कारण यज्ञ करणाऱ्यांचं कर्म विधीत होतं आणि निगंठांचं, म्हणजे जैन साधूंचं, प्रत्यक्ष कृतीत. बुद्धानं ते उचलून मनात आणून ठेवलं. मन ठरवतं, मग वाणी आणि शरीर चालतं.

ऑफिसातलं उदाहरण घ्या. एका सहकाऱ्याच्या कामात चूक सापडली. तुम्ही सगळ्या टीमला मेल टाकला. शब्द सभ्य, चूक खरी. पण तो मेल काम सुधारावं म्हणून गेला की त्या माणसाला चारचौघांत खाली पाडायला, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. मेल एकच, कर्म दोन निराळी. फळही वेगळं आणि ते बढतीच्या वेळेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या प्रकारचा मेल पाठवल्यावर माणूस दर दोन मिनिटांनी कोण काय उत्तर देतंय ते बघत बसतो. ती तगमग हा विपाकाचा, म्हणजे कर्मफळाचा, पहिला हप्ता. पुढच्या वेळी असा मेल पाठवणं सोपं जातं, हा दुसरा.

म्हणून ‘हेतू चांगला होता ना, मग झालं’ असंही म्हणून सुटता येत नाही. हेतू चांगला असल्याचं आपण स्वतःला फार चटकन पटवतो.

माझं मूल अपंग जन्मलं. मला कॅन्सर झाला. हे मागच्या जन्मीचं पाप का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. बहुधा सगळे गेल्यावर, दारात चपला घालताना.

आधी इतरांनी याचं काय केलंय ते पाहा. १९९९ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी एका मुलाखतीत असं सुचवलं, की अपंगत्वाला कारण असतं आणि ते गेल्या जन्मीचं कर्म असतं. गदारोळ उठला, काही दिवसांतच त्यांचं पद गेलं. २००८ साली चीनमधल्या सिच्वानमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा अभिनेत्री शॅरन स्टोन यांनी हे तिबेटला दिलेल्या वागणुकीचं कर्म असेल का, असं बोलून दाखवलं आणि नंतर माफी मागितली. हे दोघं बौद्ध विचार मांडत होते असं अनेकांना वाटलं. मला तर ते आमच्या गावच्या पाटलासारखे बोलतायत असं वाटलं.

आता सुत्तात काय आहे ते. मोलियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाला विचारतो, की माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. तुमचं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवं, कर्मविपाक. आठातलं एक. पुढे तो म्हणतो, की सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाला जे खरं म्हणून ठाऊक आहे त्याच्याही. आजच्या डॉक्टरची यादी वेगळी असेल, पण तिचा बाज हाच.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. मज्झिम निकाय या दुसऱ्या संग्रहात सुभ नावाचा ब्राह्मण तरुण विचारतो, की कुणी अल्पायुषी, कुणी रोगी, कुणी गरीब असं का असतं, आणि तिथे बुद्ध हिंसा, क्रोध, कंजूषी यांच्याशी त्याचा संबंध जोडतो. हे सुत्त लपवून उपयोग नाही. इथले अनेक शिक्षक ते शिताफीनं टाळतात. पण त्याच्या लगेच पुढचं सुत्त म्हणतं, की एका माणसाचं कर्म आणि त्याची पुढची गती बघून नियम काढू नका, मध्ये फार धागे असतात. आणि कर्माचा विपाक नेमका कसा उलगडतो याचा विचार करत बसलात तर वेड लागेल, असा इशारा बुद्धानंच दिलाय. म्हणजे ‘असं कर्म करू नये’ हे सांगायला ती शिकवण आहे. समोरच्या खाटेवरच्या माणसाकडे बोट दाखवायला नाही. तुमच्या मुलाकडे बघून कुणी तसं म्हणत असेल, तर त्याला मोलियसीवक सुत्त वाचायला द्या.

बाबासाहेब याहून पुढे गेले. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माच्या सिद्धांतावर थेट घाव घातला. माणसाची आजची गरिबी त्याच्या गेल्या जन्माच्या नावावर टाकली, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा मुद्दा. कर्म त्यांनी ठेवलं, पण नैतिक व्यवस्था टिकवणारा नियम म्हणून, या जगातल्या कृतीसाठी.

माझ्या आजीनं यातलं काही वाचलं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, ती नागपूरला होती, एवढंच तिचं शिक्षण. तिला लहानपणी गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, आणि कारण विचारलं की सांगत, ‘तुमचं कर्म.’ म्हातारपणी ती म्हणायची, ‘मी तहानलेली होते, ते माझं कर्म कसं? हाकललं त्यानं. कर्म त्याचं.’

चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि या ओळीवर मी यापेक्षा चांगलं भाष्य अजून ऐकलेलं नाही.

पुनर्जन्म मानला नाही तर चालेल का?

यावर पश्चिमेतल्या बौद्धांमध्येच जोरदार वाद आहे. पूर्वी भिक्खू असलेले स्टीफन बॅचलर म्हणतात, की यावर ‘माहीत नाही’ म्हणणं हीच प्रामाणिक भूमिका. कॅलिफोर्नियातल्या मठाचे प्रमुख, मूळचे अमेरिकन असलेले थानिस्सरो भिक्खू म्हणतात, की पुनर्जन्म काढून टाकलात तर बुद्धाच्या शिकवणीची चौकटच लहान होते. आमच्या बैठकीतही दोन्ही पक्षांचे लोक आहेत आणि पोहे सगळेच खातात.

केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धानं दिलेलं उत्तर मला पुरतं. मन वैररहित ठेवणाऱ्याला चार दिलासे मिळतात. परलोक असेल तर मी चांगल्या गतीला जाईन. नसेल तर इथेच सुखानं जगतो आहे. पापाचं फळ असेल तर मी पाप केलेलं नाही. नसेल तरी दोन्हीकडून मी शुद्धच.

वाईट माणसं मजेत कशी राहतात?

राहतात खरी. मिठाच्या खड्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, तोच गंगेत टाकला तर कळतही नाही. तेवढंच कर्म, पण कोत्या मनात वेगळं आणि विशाल मनात वेगळं. याचा अर्थ मोठं मन असणाऱ्याला सगळं माफ असा नाही. पूर्वी माणसं मारत सुटलेला अंगुलिमाल पुढे अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारले आणि तो रक्तबंबाळ होऊन परतला. बुद्ध त्याला ‘सोस’ म्हणाला.

दुसऱ्याला फळ कधी मिळतंय याची वाट बघणं हेसुद्धा एक कर्मच आहे, आणि फारसं कुशल नाही.

बौद्ध धर्म तर दुःखाचा. सुखाशी त्याचा काय संबंध?

अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात सुखाचा पाठलाग करण्याचा हक्क लिहिलेला आहे. पाठलाग! इथली दुकानं, जाहिराती, सुट्ट्या, सगळं त्या पाठलागावर चालतं. १९७८ साली मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय राज्यातल्या लॉटरीच्या २२ विजेत्यांची साध्या लोकांशी तुलना केली. विजेते विशेष अधिक सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला त्यांचा आनंद कमीच झाला होता. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण नवा फोन घेतल्यावर चौथ्या दिवशी काय होतं हे आपल्याला अभ्यासाशिवायही माहीत आहे.

बुद्ध गृहस्थाला ‘सुख सोड’ म्हणाला नाही. अनाथपिंडिक हा सावत्थीचा बडा व्यापारी, आजच्या भाषेत स्वतःची कंपनी असलेला माणूस. त्याला त्यानं गृहस्थाची चार सुखं सांगितली. कष्टानं आणि सचोटीनं मिळवलेलं आपल्याकडे आहे, हे अत्थिसुख. ते आपण उपभोगतो आणि त्यातून दान देतो, हे भोगसुख. आपण कुणाचं थोडं ना फार देणं लागत नाही, हे अनणसुख. आणि काया-वाचा-मनानं आपण निर्दोष आहोत, हे अनवज्जसुख.

तिसऱ्यापाशी आमची बैठक दरवेळी अडकते. ज्या देशात घर कर्जाचं, गाडी कर्जाची, शिक्षण कर्जाचं, आणि क्रेडिट स्कोअर चांगला व्हावा म्हणून मुद्दाम कर्ज काढायचं असतं, तिथे ऋणमुक्तीला सुख म्हणणारा धर्मसंस्थापक ऐकला, की लोक आधी हसतात. मग गप्प होतात. एकदा एक तरुण मुलगी म्हणाली, ‘ध्यानाला बसले की मला श्वास दिसत नाही, माझ्या शैक्षणिक कर्जाचा आकडा दिसतो.’ तिला मी ध्यानाची दुसरी पद्धत सांगितली नाही. आमच्यातल्या एक काकू बँकेत होत्या, त्या तिच्याशेजारी कागद-पेन घेऊन बसल्या. व्याज जास्त असलेलं कर्ज आधी, बाकीची नंतर. तो रविवार धम्माचाच होता असं मी मानतो.

आणि चौथं सुख? सुत्ताच्या शेवटच्या गाथेत म्हटलंय, की पहिली तिन्ही मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याला पुरत नाहीत. रुपयातला एक आणासुद्धा नाही. आमच्या बैठकीतल्या जुन्या लोकांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे पैसा मिळवायला हरकत नाही?

अजिबात नाही. दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ बुद्धाला सरळ सांगतो, की आम्ही बायकामुलांच्या गराड्यात राहतो, काशीचं चंदन लावतो, सोनं-चांदी बाळगतो, आम्हाला झेपेल ते सांगा. उत्तरात बुद्ध चार गोष्टी सांगतो: कामात तत्परता, मिळवलेलं सांभाळणं, चांगल्या माणसांची सोबत आणि मिळकतीच्या मानानं राहणी. कमी कमावून थाटात राहणाऱ्याला तिथे उंबर खाणारा म्हटलंय. चार फळांसाठी झाड हलवायचं आणि बाकीचा सडा वाया घालवायचा. भरपूर कमावून चिंधीसारखं जगणाराही तिथे चुकलेलाच आहे. आपल्याकडे त्याला कर्मदरिद्री म्हणतात.

अवघड भाग पुढे आहे. शस्त्रं, माणसं किंवा प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकानं करू नये, असं सुत्त आहे. आमच्यातला एक जण क्षेपणास्त्रांच्या सुट्या भागांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यानं विचारलं, ‘मी व्यापार करत नाही, पगार घेतो. मला लागू होतं का?’ मी म्हटलं, ‘हा प्रश्न तुला रात्री पडतो का?’ तो म्हणाला, ‘पडतो.’ व्हिसा, घराचा हप्ता, दोन मुलं, हे सगळं मला दिसत होतं. तो अजून तिथेच आहे. अजून येतोही.

हे सगळं अमेरिकेत आलं कुठून? माइंडफुलनेसचं (सजग ध्यानाचं) ॲप वापरलं तर पुरे ना?

मॅसॅच्युसेट्समध्ये राहून हे सांगायला मजा येते. १८४४ साली बोस्टनच्या ‘द डायल’ नियतकालिकात सद्धर्मपुंडरीक सूत्राचा एक उतारा इंग्रजीत आला. एलिझाबेथ पीबॉडी यांनी तो फ्रेंचवरून उतरवला, आणि श्रेय वर्षानुवर्षं लेखक हेन्री डेव्हिड थोरोला मिळत राहिलं. १८९३ च्या शिकागो परिषदेत विवेकानंदांबरोबर श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपालही बोलले होते, हे आपण विसरतो. मग १९७० च्या दशकात आशियात शिकून परतलेल्या तरुण अमेरिकनांनी बॅरी या गावी विपश्यनेचं केंद्र उभारलं. त्याच केंद्रात शिबिराला बसलेले असताना जॉन कबाट-झिन यांना रुग्णालयात ध्यान न्यायची कल्पना सुचली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९७९ साली वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो आठ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर गेला.

त्या कार्यक्रमानं जुनाट दुखण्यानं पिचलेल्या माणसांना आधार दिला. त्याची टिंगल मला आवडत नाही. दोन बाणांची उपमा तिथे चपखल बसते. शरीराचं दुखणं हा पहिला बाण, ‘मलाच का’ हा आपणच मारून घेतलेला दुसरा. दुसरा थांबवता येतो.

ॲपबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. ध्यान दहा मिनिटं, आणि त्यानंतर तेच खोटं बोलणं, तीच नोकरकपात थंड डोक्यानं करणं. शील, म्हणजे सदाचार, बाजूला ठेवून समाधी, म्हणजे नुसती एकाग्रता, विकली जाते. बारा-बारा तास राबवणारी कंपनीच जेव्हा कर्मचाऱ्यांना ॲप फुकट देते, तेव्हा आजीची विहीर आठवते. तहान तुमची, तुम्हीच शांत व्हा.

इगतपुरीसारखा विपश्यनेचा कोर्स इथे करता येतो का?

हो. गोएंका गुरुजींच्या परंपरेचं धम्मधरा हे केंद्र १९८२ पासून राज्याच्या पश्चिम भागात शेलबर्न इथे आहे. तेच दहा दिवस, तेच आर्य मौन, तीच पहाटे चारची घंटा. फी नाही, एक कोर्स पूर्ण केल्यावरच दान घेतात. मनाच्या आजारासाठी उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात लपवू नका. थंडीत गेलात तर लोकरीचे मोजे जास्तीचे न्या.

दुसऱ्यांचे फोटो बघून जळफळाट होतो. उपाय?

मुदिता. दुसऱ्याच्या सुखात सुख मानणं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतलं, म्हणजे मनाच्या उदात्त भावांतलं, माझ्यासाठी सर्वांत कठीण. करुणा तुलनेनं सोपी असते, तिच्यात आपण वर असतो. कॉलेजच्या मित्राची बढती वाचून ‘अभिनंदन’ टाइप करायच्या आधी तीन श्वास थांबा आणि ते खरंच म्हणायचं आहे का बघा. नसेल तर त्या दिवशी नका लिहू.

इथे वाढणाऱ्या मुलांना कर्म कसं समजवायचं?

बुद्धानं आपल्या मुलाला, राहुलाला जसं समजावलं तसं. आरसा कशासाठी, असं तो विचारतो. राहुल म्हणतो, बघण्यासाठी. मग तसंच करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ: यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का? नरकाची भीती त्या संवादात नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं आमच्या वाटेवरचा बर्फ काढला आणि मुद्दाम शेजारच्या म्हाताऱ्यांच्या वाटेवर ढकलला, कारण उन्हाळ्यात त्यांनी तिचा चेंडू परत दिला नव्हता. रात्री येऊन विचारते, ‘बाबा, आता मला बॅड कर्मा येणार का?’ मी आरशाचं विचारलं. आधी काय वाटत होतं? ‘राग.’ करताना? ‘मज्जा.’ आणि नंतर? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते काठी घेऊन पेपर घ्यायला बाहेर आले होते. मी खिडकीतून बघत होते.’

बूट घालून ती निघाली. मीही निघालो, पण फावडं एकच होतं. दुसरं गराजमधून शोधून काढेपर्यंत तिनं निम्मा बर्फ बाजूला केला होता.